पंप काढला तरी स्टीअरिंग पुन्हा पुन्हा जड का होते?

मॉडिफाय केलेल्या गाडीचे हायड्रॉलिक (म्हणजे पंपाने दाबलेल्या तेलाच्या जोरावर चालणारे) पॉवर स्टीअरिंग काढून टाकल्यावर पहिले तीन-चार आठवडे बहुधा काहीच जाणवत नाही. मग एखाद्या दुपारी उन्हात उभी असलेली गाडी बाहेर काढताना स्टीअरिंग अडखळते आणि रॅकच्या (स्टीअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या दातेरी दांड्याच्या पेटीच्या) टोकाच्या रबरी बुटाखाली, म्हणजे आवरणाखाली, तेलाचा डाग दिसतो. गॅरेजमध्ये तेल भरून क्लिपा आवळून दिल्या की गाडी बरी वाटते, आणि महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा दारात येऊन उभी राहते. या चक्रातून मी जवळजवळ एक वर्ष गेलो. त्या वर्षात तीन वेळा पैसे मोजले आणि तिन्ही वेळा रोग म्हशीला आणि औषध पखालीला असाच प्रकार झाला. चूक कोठे होती हे अखेर उमगले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी नागपूर शहराच्या एमएच-३१ पासिंगची, पंचवीस वर्षांपूर्वीची, १३०० सीसीची छोटी पेट्रोल सेडान आहे. तिच्या स्वस्त आवृत्तीला कारखान्यातूनच पॉवरविना स्टीअरिंग येत असे आणि महागड्या आवृत्तीला पॉवर स्टीअरिंग. माझी गाडी दुसऱ्या प्रकारातली. नवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला तापलेला धूर गोळा करणारी नळी) बसवताना पंपाची उच्च दाबाची नळी त्याच्या अगदी अंगावर येत होती, आणि ती आधीपासूनच पाझरत होती. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ठिबकणे म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून पंप, त्याचा ब्रॅकेट, तेलाची डबी आणि नळ्या काढून टाकण्याचे मी ठरवले. फेब्रुवारीत काम झाले. मिस्त्रींनी रॅकवरची दाबाची आणि परतीची अशी दोन्ही तोंडे एका रबरी नळीने एकमेकांना जोडून दिली, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘लूप मारणे’ म्हणतात. ‘‘आत तेल तसेच राहू द्यायचे का?’’ असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘पंपच नाही तर पॉवर कुठून येणार भाऊ? आता त्यात काही राहिलंच नाही.’’ सगळा घोटाळा या एका वाक्यात होता, पण ते तेव्हा मलाही पटले होते.

एप्रिलमध्ये पारा चढू लागला आणि तक्रार सुरू झाली. सीताबर्डीत दिवसभर उघड्यावर उभी राहणारी गाडी संध्याकाळी पहिल्याच वळणाला अडखळायची. थोडे फिरवले की मोकळी व्हायची आणि मग पुन्हा अडखळायची. पहिल्या वेळी तेल भरून नळीच्या क्लिपा बदलून मिळाल्या. दुसऱ्या वेळी, दुसऱ्या एका गॅरेजने, ‘तेलच नको’ म्हणून रॅक रिकामा केला आणि दोन्ही तोंडे बोल्ट लावून घट्ट बंद केली. त्यानंतर स्टीअरिंग कोठेही वळवून सोडले की रबर ताणून सोडल्यासारखे थोडे मागे यायचे. तिसऱ्या वेळी स्टीअरिंग सरळ असताना मधोमध जाणवणाऱ्या ढिलाईची तक्रार केली, तर रॅकमागचा ॲडजस्टिंग नट आवळून देण्यात आला. ढिलाई गेली खरी, पण वर्धा मार्गावरून राहाटे कॉलनी चौकात वळल्यावर स्टीअरिंग आपण होऊन सरळ होईना. हाताने ओढून आणावे लागले. तिन्ही दुरुस्त्यांमध्ये ही सर्वांत धोकादायक होती, कारण वळणानंतर चाके सरळ होतील या भरवशावर आपण नकळत हात सैल सोडतो. हा नट दातेरी दांड्याला पिनियनशी (स्टीअरिंगबरोबर फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकाशी) भिडवून ठेवणाऱ्या ठोकळ्यामागची स्प्रिंग दाबतो. त्याचे काम दात झिजल्यावर येणारा खडखडाट घालवण्याचे आहे, आणि माझी ढिलाई तर दातांची नव्हतीच. ती कशाची होती ते पुढे येईल.

चौथ्यांदा गॅरेजमध्ये जाण्याआधी मी एका रविवारी घरीच तपासणी केली, आणि पहिल्याच तासात जे कळले ते आधीच्या सहा महिन्यांत कळले नव्हते. म्हणून ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच करायला सांगतो. गाडीचा पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना पक्के स्टँड लावावेत (नुसत्या जॅकवर कदापि नाही), इंजिन बंद ठेवावे, किल्ली स्टीअरिंग लॉक सुटेल इतकीच फिरवावी आणि चाके हवेत असताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. हवेतही ते जड असेल, तर दोष रॅक, कॉलम (स्टीअरिंगपासून रॅकपर्यंतचा दांडा) किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांत आहे. हवेत हलके आणि जमिनीवर जड असेल, तर रॅकला दोष देण्यात अर्थ नाही. तो प्रश्न टायर, रिम, अलाइनमेंट आणि वजनाचा आहे. या दोन गोष्टी वेगळ्या न करता केलेली कोणतीही दुरुस्ती अंदाजपंचे असते.

हवेत जड लागले, तर ते कसे जड लागते याकडे लक्ष द्यावे, कारण प्रत्येक दोषाची चाल निराळी असते. सावकाश फिरवले तर हलके आणि झपकन फिरवले तर जड लागत असेल, तर आत अजून द्रव आहे आणि तो अरुंद वाटेने ढकलला जात आहे. सावकाश आणि वेगाने फिरवताना सारखेच जड लागत असेल, तर ते घर्षण आहे. बहुधा आवळलेला नट किंवा सुकलेला बॉल जॉइंट. एका पूर्ण फेरीत दोन वेळा जड आणि दोन वेळा हलके लागत असेल, तर कॉलमच्या खालच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलेला आहे. नरेंद्रनगरच्या रेल्वेपुलाखाली साचलेल्या पाण्यातून दोन पावसाळे गाडी नेली असेल, तर ही शक्यता आधी तपासावी. वळवून सोडल्यावर स्प्रिंगसारखे मागे येत असेल, तर बंद केलेल्या रॅकमध्ये कोंडलेली हवा दाबली जात आहे. मध्यभागी ठीक आणि टोकांकडे घट्ट होत असेल, तर दात मधोमध झिजले आहेत आणि कोणीतरी त्या झिजेवर नट आवळला आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या (पुढचे चाक वळले की त्याच्यावरची स्प्रिंगही फिरते अशा) गाडीत दुसऱ्या माणसाला स्टीअरिंग फिरवायला सांगून आपण स्प्रिंगवर अलगद हात ठेवावा. स्प्रिंग सरळ न फिरता थांबून उडी मारत असेल, तर वरच्या माउंटिंगचे बेअरिंग गेले आहे, आणि त्याचा पॉवर स्टीअरिंगशी काडीचाही संबंध नाही.

माप घेण्यासाठी रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा काटा पुरतो. तो स्टीअरिंगच्या कडेला अडकवून स्पर्शरेषेत ओढावा. तपासणीआधी मी नट पूर्वीच्या खुणेवर सैल करून घेतला होता आणि तेल भरून लूपही पुन्हा जोडला होता, म्हणजे मूळ तक्रारच मोजता यावी. माझ्या गाडीत चाके हवेत असताना सावकाश ओढल्यावर काटा दीड किलोच्या आसपास राहायचा आणि झटक्याने ओढला की चारच्या पुढे जायचा. म्हणजे पंप काढून सात-आठ महिने झाले तरी मी दर वळणाला तेल ढकलत होतो.

याचे कारण रॅकच्या रचनेत आहे. हायड्रॉलिक पॉवर रॅक म्हणजे बाहेरून मदत मिळणारा साधा रॅक नव्हे. त्याचा दातेरी दांडा एका नळकांड्यातून जातो, त्या दांड्यावर मधोमध पिस्टन असतो, पिस्टनवर टेफ्लॉनची कडी आणि तिच्याखाली ओ-रिंग असते, आणि नळकांड्याच्या दोन्ही टोकांना तेलसील असतात. पिनियनच्या वर फिरता व्हॉल्व्ह असतो, आणि तुम्ही किती जोर लावता त्यानुसार तो पिस्टनच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला तेल सोडतो. पंप हा या यंत्रणेला दाब पुरवणारा बाहेरचा घटक आहे, एवढेच. तो काढला तरी पिस्टन, कडी, सील, व्हॉल्व्ह सगळे जागच्या जागी राहते, आणि दांडा सरकला की पिस्टनला एका कप्प्यातले तेल काढून दुसऱ्या कप्प्यात पाठवावेच लागते. पूर्वी हे काम पंप करत असे, आता ते तुमचे खांदे करतात. शिवाय लूप दाबाच्या आणि परतीच्या तोंडांवर असेल, तर ते तेल व्हॉल्व्हच्या बारीक खाचांतून जाते. म्हणून झपकन वळवणे विशेष जड जाते.

इथपर्यंतचे बहुतेक जण मान्य करतात. पण तक्रार दर महिन्याला परत का यावी, याचे उत्तर उष्णतेत आहे. पंप होता तेव्हा तेलाला डबी होती, आणि डबीच्या झाकणाला हवेसाठी वाट होती. तेल तापून फुगले की पातळी वर जायची, निवले की खाली यायची. लूपमध्ये ही जागाच नसते. रॅक आणि नळ्यांत मिळून दीड-दोनशे मिलिलिटर तेल असते असे धरू. अशा तेलाचे आकारमान दर ५० अंश सेल्सिअसला साधारण चार टक्के वाढते, म्हणजे सहा ते आठ मिलिलिटर. रात्री २५-३० अंशांवर असलेला रॅक मे महिन्याच्या दुपारी ४५ अंशांच्या हवेत, तेही एक्झॉस्टच्या शेजारी, ८० अंशांवर जाणे काही अवघड नाही. ते सहा-आठ मिलिलिटर मग कमजोर क्लिपेतून किंवा पंचवीस वर्षे जुन्या सीलच्या ओठातून बाहेर पडते. रात्री तेल निवून आक्रसते आणि आत ओढ निर्माण होते. या सीलचा ओठ आतला दाब अडवण्यासाठी घडवलेला असतो, बाहेरून आत येणारी हवा अडवण्यासाठी नव्हे. त्यामुळे हवा आत शिरते आणि तिच्याबरोबर बुटात साचलेली धूळही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडे तेल बाहेर, पुन्हा थोडी हवा आत. तीन-चार आठवड्यांत आत तेल आणि हवेचा फेस तयार होतो, कडी कोठे ओली तर कोठे कोरडी घासते, आणि स्टीअरिंग अडखळते. गॅरेजमध्ये तेल भरले की घड्याळ पुन्हा शून्यावर येते. फेब्रुवारीत केलेले काम एप्रिलपर्यंत का टिकले, याचा उलगडा मला इथे झाला.

दुसरे एक कारण इतके क्षुल्लक दिसते की ते कोणीच पाहत नाही. पुष्कळ पॉवर रॅकवर दोन्ही बुटांना जोडणारी एक बारीक नळी असते. स्टीअरिंग वळले की एक बूट आक्रसतो आणि दुसरा पसरतो. त्यांच्यातली हवा या नळीने इकडून तिकडे जाते. पंपाच्या नळ्या काढताना हीसुद्धा ‘पॉवरची नळी’ समजून काढली जाते आणि तिची भोके उघडी राहतात किंवा एम-सीलने बुजवली जातात. बुजवली तर बूट फुगून-पिचकून घडीवर फाटतात, उघडी राहिली तर पावसाचे पाणी थेट आत. माझ्या गाडीत ती भोके उघडी होती. जुलैच्या पावसानंतर दांड्याच्या एका टोकावर गंजाचे ठिपके उठले होते, आणि गंजलेला दांडा प्रत्येक वळणाला सीलचा ओठ कानशीसारखा खरवडत होता. असा दांडा तसाच ठेवून सील बदलणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

आता उपाय. लूपला छोटी डबी जोडून तेलाला फुगायला जागा देणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. नळकांड्याकडे जाणाऱ्या दोन धातूच्या नळ्यांची तोंडे व्हॉल्व्हला वगळून एकमेकांना जोडली आणि सर्वांत उंच ठिकाणी हवेची वाट असलेली डबी ठेवली, तर गळती थांबते आणि झपकन वळवतानाचा विरोधही कमी होतो. पण पिस्टन तेल ढकलतच राहतो, आणि जी डबी आपण काढून टाकली तीच पुन्हा बसते. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

दुसरा मार्ग म्हणजे रॅक उघडून त्यातली पॉवर खरोखर काढणे. रॅक उतरवण्याआधी चाके सरळ करावीत, स्टीअरिंग सीटबेल्टने बांधून ठेवावे (एअरबॅग असलेल्या गाडीत कॉलम सुटा असताना स्टीअरिंग मोकळे फिरले तर आतली गुंडाळलेली तार तुटते) आणि कॉलमच्या जोडावर खूण करावी. टाय रॉडच्या (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) टोकांचे आटे मोजून लिहून ठेवावेत. रॅक टेबलावर आल्यावर तेल पूर्ण निथळावे, ते गटारात न ओतता वापरलेले इंजिन ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे, ॲडजस्टिंग नट किती फेऱ्यांवर होता ते नोंदवून मगच सोडावा, पिनियनचा भाग बाहेर घ्यावा आणि टोकाचा बुश सोडवून दांडा ओढून काढावा. पिस्टनवरची टेफ्लॉन कडी व तिच्याखालची ओ-रिंग कापून काढली की पिस्टन आणि नळकांडे यांच्यात फट राहते आणि हवा सहज इकडून तिकडे जाते. टोकाचा बुश मात्र पुन्हा जागेवर बसलाच पाहिजे, कारण दांड्याचे एक टोक त्याच्यावरच तोललेले असते. ‘सील काढले तसा हाही काढू’ असे म्हणून तो गाळलेले रॅक मी पाहिले आहेत, आणि ते खडखडतात. आतल्या बेअरिंगांना आजवर जे वंगण मिळत होते ते या तेलाचेच होते, म्हणून वरचे बेअरिंग, दात आणि दांड्याची पूर्ण लांबी लिथियम ग्रीसने भरावी. तेलाची तोंडे तांब्याच्या वॉशरसह बोल्ट लावून बंद करावीत, पण एक तोंड खाली वाकवलेल्या नळीने आणि स्पंजच्या छोट्या गाळणीने उघडे ठेवावे, म्हणजे रॅक श्वास घेऊ शकेल. बुटांमधली बारीक नळी परत बसवावी. नट ठरलेल्या फेऱ्यांवरच लावावा, अंदाजाने आवळू नये.

यानंतरही मध्यभागी थोडी ढिलाई राहते, आणि हीच ती ढिलाई जिच्यापायी माझा नट आवळला गेला होता. व्हॉल्व्हच्या वरच्या शाफ्टला पिनियनशी जोडणारी एक बारीक पिळदार दांडी असते. जोर लावला की आधी ती पिळते, त्या पिळण्यानेच पूर्वी व्हॉल्व्ह उघडत असे, आणि काही अंशांनंतर शाफ्ट व पिनियन एकमेकांना थेट भिडतात. दाब नसताना हा पीळ मोकळेपणासारखा हाताला जाणवतो. स्पर्धेच्या गाड्यांमध्ये हा जोड वेल्ड करून टाकतात, आणि आपल्याकडेही लेथवाले ‘पाच मिनिटांचे काम’ म्हणून तयार होतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मी ते करणार नाही. पिनियनचे दात उष्णतेने कठीण केलेले असतात, वेल्डिंगच्या आचेने ते मऊ किंवा ठिसूळ होऊ शकतात, आणि तो जोड तुटला तर स्टीअरिंग हातात फिरते आणि चाके सरळच जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ स्टीअरिंगमध्ये ३० अंशांपेक्षा जास्त ढिलाई नसावी असे सांगतो. ३७० मिलिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेला जवळपास ९७ मिलिमीटर. माझी ढिलाई १८ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच अंशांच्या आसपास होती. नियमाची मर्यादा फारच सैल आहे आणि १८ मिलिमीटरही हाताला खटकतात, हे खरे. पण तेवढ्यासाठी पिनियनवर आच घेण्याइतके ते मोठे नाही.

मी अखेर तिसरा मार्ग धरला : त्याच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीचा मूळ मॅन्युअल रॅक. कामठी मार्गावर ऑटोमोटिव्ह चौकाच्या बाजूला जुने सुटे भाग विकणाऱ्यांकडे दोन शनिवार घालवल्यावर एक चांगला रॅक मिळाला. घेताना मी तीन गोष्टी पाहिल्या. बूट सरकवून मधले दात टोकांच्या दातांशी ताडून पाहिले, कारण झीज मधोमधच होते. दांडा सपाट काचेवर लोळवून वाकलेला नाही ना ते पाहिले. आणि दोन्ही बाजूंच्या आतल्या बॉल जॉइंटमधले अंतर माझ्या जुन्या रॅकशी जुळते का ते मोजले. हे अंतर वेगळे असेल तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना गाडी आपोआप बाजूला ओढते, आणि दुसऱ्याच मॉडेलचा रॅक ‘बसतो’ म्हणून बसवणारे या दोषाच्या मागे पुढे महिनोन्‌महिने फिरतात. मॅन्युअल रॅकच्या पिनियनवर व्हॉल्व्हचे घर नसल्याने त्याची उंची कमी असते, म्हणून कॉलमचा खालचा शाफ्टही त्याच आवृत्तीचा घ्यावा लागतो. जुना शाफ्ट कापून, नळी घालून, वेल्ड करून लांब करण्याचा प्रस्ताव आला, तर गाडी परत घेऊन यावे.

मॅन्युअल रॅकचा मोठा फायदा त्याच्या प्रमाणात आहे. माझ्या पॉवर रॅकला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन फेऱ्या लागत. मॅन्युअल रॅकला पावणेचार लागतात. म्हणजे तेवढेच चाक वळवण्यासाठी हात २५ टक्के जास्त फिरवायचा आणि त्या प्रमाणात जोर कमी लावायचा. पॉवर रॅक रिकामा करून वापरणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही, कारण त्यांचे दात मदत मिळणार हे गृहीत धरून कापलेले असतात. बसवल्यानंतर चाके हवेत ठेवून काटा लावला, तेव्हा सावकाश आणि झपकन दोन्ही वेळा तो दीड किलोच्या आतच राहिला.

जमिनीवर मात्र गाडी अजूनही जड होती, आणि याचा दोष सर्वस्वी माझ्या हौसेकडे जातो. मी मूळच्या १३ इंची रिमऐवजी १४ इंची रुंद रिम आणि १८५ मिलिमीटरचे टायर लावले होते, रिम फेंडरच्या बाहेर दिसावेत म्हणून २० मिलिमीटरचे स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) घातले होते, आणि ३८० मिलिमीटरचे स्टीअरिंग काढून ३३० मिलिमीटरचे बसवले होते. (तपासणीच्या वेळी मोजमापासाठी एका मित्राकडून ३७० मिलिमीटरचे उसने आणले होते.) नुसत्या लहान स्टीअरिंगमुळे हाताला १५ टक्के जास्त जोर लागतो; ३८० भागिले ३३० इतका हा सरळ हिशेब आहे. स्पेसरने काय होते ते कमी लोकांना माहीत असते. चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष जमिनीला जेथे टेकतो तेथून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर स्पेसरमुळे वाढते. त्यामुळे उभ्या गाडीत टायर जागेवर फिरण्याऐवजी एका वर्तुळात घासत ओढला जातो, आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट हातात धक्का देतो. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांवर हे घासणे विशेष जाणवते, कारण कोरडे खरखरीत सिमेंट टायरला जराही घसरू देत नाही. स्पेसर काढले, ३७० मिलिमीटरचे स्टीअरिंग विकत घेतले आणि पुढच्या टायरांतली हवा ३० वरून ३३ पीएसआय केली. एवढ्याने पार्किंगमधला जोर माझ्या अंदाजाने पाव हिश्श्याहून अधिक कमी झाला. मारुती ८०० मध्ये कधीच पॉवर स्टीअरिंग नव्हते आणि तरी कोणी तक्रार केली नाही, असा दाखला यावर हमखास दिला जातो. पण ती सुमारे साडेसहाशे किलोची, अरुंद टायरांची गाडी होती. त्या हलकेपणाची अपेक्षा १८५ च्या टायरांकडून करणे रास्त नाही.

अलाइनमेंट करताना टोबरोबर (वरून पाहता पुढची चाके आत-बाहेर किती वळलेली आहेत) कॅस्टरही (चाक ज्या अक्षाभोवती वळते तो मागे किती कललेला आहे) विचारावा. पॉवर स्टीअरिंगच्या आवृत्तीला कॅस्टर अनेकदा जास्त ठेवलेला असतो, कारण जोर लावायला पंप असतो; मॅन्युअल आवृत्तीचा आकडा कमी असतो. मॅन्युअल रॅक लावला असेल तर आकडेही त्याच आवृत्तीचे घ्यावेत. मात्र आणखी हलके व्हावे म्हणून कॅस्टर त्याहूनही खाली नेऊ नये. मग गाडी वेगात सरळ राहायला कुरकुरते, आणि समृद्धीसारख्या सरळ रस्त्यावर हे फार थकवते.

इंजिनवरच्या पट्ट्याबद्दल थोडेसे, कारण पंप काढल्यानंतरची दुसरी पुन्हा पुन्हा येणारी तक्रार तीच असते. पंपाची पुली गेली की आखूड पट्टा लावतात, आणि उरलेल्या पुल्यांना पट्ट्याचा विळखा कमी पडतो. सकाळी पहिल्या सुरुवातीला किंवा मृगाच्या पहिल्या सरीत पट्टा किंचाळतो, लोक तो आवळतात, आणि सहा महिन्यांत ऑल्टरनेटरचे नाहीतर वॉटर पंपाचे बेअरिंग वाजू लागते. पंपाच्या जागी त्याच मापाची रिकामी फिरणारी पुली बसवून मूळ पट्टा ठेवणे हा खरा उपाय. इंजिन चालू, दिवे आणि पंखा सुरू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत असतील, तर पट्टा घसरत नाही असे समजावे. पंपावरच्या दाबाच्या स्विचची तार टेप लावून कोरडी ठेवावी. ती बॉडीला टेकली तर ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) स्टीअरिंग वळत असल्याचा भास होऊन आयडलिंग वर जाऊ शकते.

हे सगळे हायड्रॉलिक रॅकपुरते आहे. अलीकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॉलमवर विजेची मोटर असते, आणि तिचा फ्यूज काढून ‘मॅन्युअल फील’ मिळवण्याचा प्रकार काही तरुण मंडळी करतात. मोटर वर्म गिअरने जोडलेली असल्यामुळे ती बंद असली तरी तुमच्या हाताने फिरतच राहते आणि स्टीअरिंग खऱ्या मॅन्युअलपेक्षाही जड होते. शिवाय ती इंजिनचा पट्टा वापरत नाही, म्हणून इंजिनचा जोर वाचण्याचा प्रश्नच नसतो. तिथे हात न लावणे उत्तम.

कायद्याची बाजूही आधी पाहून घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतले तपशील विसंगत होतील असे बदल करण्यास मनाई करते, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले आहे, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२-ए मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून रस्त्यावर चालवायच्या गाडीत हात घालण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करावी, आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या आवृत्तीचा मूळ भाग लावणार असाल तर त्याचे बिल व पार्ट क्रमांक जपून ठेवावा.

काम झाल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन रॅकचे माउंटिंग, कॉलमच्या जोडाचा बोल्ट आणि टाय रॉडचे चेकनट टॉर्क रेंचने तपासावेत. कॉलमचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतूनच गेलेला आहे हे डोळ्यांनी पाहावे; तो खाचेबाहेरही आवळला जातो आणि घट्ट वाटतो, पण शाफ्ट हळूहळू वर सरकून निसटू शकतो. माझ्या गाडीत त्या तपासणीत चेकनट किंचित सैल निघाला. त्यानंतर एक पूर्ण उन्हाळा गेला, बूट कोरडे आहेत.